धक्का भाड्याने द्या, पण करार उघडा ठेवा



समुद्रातल्या तेलाच्या कामासाठी बंदराचे धक्के भाडेपट्ट्याने द्यावेत की नाही, हा वाद मुंबईकडचा. आष्टी-परतूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने त्यात का पडावे? कारण आपल्या ट्रॅक्टरला डिझेल लागते, थळचा युरिया कारखाना समुद्रातल्या वायूवर उभा राहिला आणि कापसाच्या गाठी न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातात.

'सागर सम्राट' जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. समुद्रात विहीर पाडायची तर पाइप, सिमेंट, गोडे पाणी, डिझेल, माणसांचे जेवण, सगळे किनाऱ्यावरून बोटीने न्यावे लागते. त्यासाठी ओएनजीसीचा तळ न्हावा येथे आहे. डिसेंबर १९९४ मध्ये पन्ना-मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रे ओएनजीसी, रिलायन्स व एन्रॉन यांना मिळून २५ वर्षांच्या कराराने दिली गेली. विहीर कोणाचीही असो, धक्क्यावाचून तिचे काम चालत नाही.

धक्के मुळीच देऊ नका, असे काहीजण म्हणतात. ते आम्हाला पटत नाही. रिकामा धक्का कोणाचेच पोट भरत नाही आणि देशाला लागणारे बहुतेक कच्चे तेल आजही बाहेरून येते. पण घरचे तेल निघाले म्हणजे डिझेल स्वस्त होईल, ही थापही कोणी मारू नये. घरच्या तेलाचा भाव जगाच्या बाजाराशी बांधलेला, त्यावर केंद्राचा आणि राज्याचा कर. फायदा परकीय चलनाचा, तो शेतकऱ्याच्या खिशात आपोआप येत नाही.

प्रश्न आहे अटींचा. उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या जमिनी नवी मुंबई आणि बंदरासाठी गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली ते जानेवारी १९८४ मध्ये रस्त्यावर आले, तेव्हा गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. बंदरग्रस्तांतल्या काहींना साडेबारा टक्के जमिनीची पत्रे मिळायला २०१४ साल उजाडले. कंपनीला मात्र १९९७ मध्येच तिथले टर्मिनल ३० वर्षांसाठी मिळाले. कंपनीचा करार लगेच, जमीनवाल्याचा तीस वर्षांनी. हा कुठला न्याय?

कोळ्यांचेही तेच. तेलाच्या फलाटाभोवती ५०० मीटरच्या आत जाळे टाकायला बंदी. समुद्र त्यांचे रान आहे, रान गेले तर भरपाई नको?

आणि आपले? २०१० व २०१२ मध्ये सरकारने कापसाची निर्यात रोखली. धक्का होता, जहाजे होती, गाठी होत्या. फाटक बंद होते. उद्या तेलाच्या बोटींना अग्रक्रम देऊन गाठी यार्डात ठेवल्या, तर परिणाम तोच.

म्हणून जिल्हा बैठकीत चार मागण्यांचा ठराव व्हावा. भाडेपट्टा उघड लिलावाने द्या. कराराची प्रत मराठीत जनतेपुढे ठेवा. भाड्याचा ठराविक हिस्सा जमीन गेलेल्यांना आणि मच्छीमारांना द्या. शेतीमालाच्या जहाजांची पाळी करारातच लिहा.

बटईने रान देतानाही आपण वाटा आधी ठरवतो. बंदर तर सगळ्या देशाचे आहे.