हलू नकोस!

गेल्या महिन्यात मुलीने कपाटाच्या वरच्या खणातून आमचा जुना डिजिटल कॅमेरा शोधून काढला. २०१० साली सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीतून घेतलेला, खिशात मावणारा, चंदेरी रंगाचा. तिच्या कॉलेजात सध्या अशा कॅमेऱ्यांची चलती आहे. त्यांतून निघणारे किंचित धूसर, हललेले, फ्लॅशने चेहरा पांढराफटक करून टाकणारे फोटो या मुलांना ‘खरे’ वाटतात. ‘आई, फोनमधले फोटो फारच नीट येतात गं, यातले कसे जिवंत वाटतात,’ असे ती म्हणाली. मी काही बोलले नाही. पण तिच्या वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सातव्या वर्षापर्यंत याच यंत्राने माझा जो छळ मांडला होता तो आठवला, आणि हा लेख लिहायला घेतला.

त्या चार वर्षांचे फोटो आजही संगणकावर आहेत. रिकामा झोपाळा आहे. दाराच्या चौकटीतून बाहेर जाणारी एक टाच आहे. आमच्या घरी तेव्हा एक बोका होता. त्याच्या शेपटीचे फोटो भरपूर आहेत, तोंडाचे मोजके, आणि त्यांत तो झोपलेला आहे. मुलगी स्पष्ट दिसते ती फक्त वाढदिवसाच्या फोटोंत, केकमागे, हात बांधून उभी असताना. बाकी वेळी ती पळत होती, आणि पळणारे मूल त्या कॅमेऱ्याला दिसत नव्हते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: छोट्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस किती वेगवान, हा प्रश्न केवळ दुकानदाराचा आणि यंत्रवेड्यांचा नाही. आपल्या घरांतले बाल्य कोणत्या रूपात नोंदले गेले, हे त्या वेगाने ठरवले. आणि साहित्य-कलांची चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी हा प्रश्न क्षुद्र मानून सोडून दिला, ही आपली चूक झाली.

कोणाच्याही घरचा जुना अल्बम उघडून पाहा. मुले बसलेली असतात, उभी असतात, ओळीने असतात. हात मांडीवर, नजर समोर. आपण म्हणतो, त्या पिढीत शिस्त होती. शिस्त असेलही, पण अल्बममध्ये जी दिसते तिचा बराच भाग कॅमेऱ्याच्या मंदपणाचा आहे. ‘इकडे बघ’, ‘हलू नकोस’, ‘थांब, अजून एक’ ही छायाचित्रणाची पहिली भाषा. यंत्राला वेळ लागतो म्हणून मुलाने थांबायचे. जे मूल थांबले ते अल्बममध्ये आले. जे थांबले नाही ते आलेच नाही, किंवा ‘खराब फोटो’ म्हणून फेकले गेले. म्हणजे मंद यंत्राने मुलांतून आज्ञाधारक क्षण निवडले, आणि पुढे त्यालाच आपण ‘आमचे बालपण’ म्हणू लागलो.

आता हा मंदपणा येत कुठून होता ते पाहू. हुकलेल्या फोटोचे गुन्हेगार तीन असतात आणि आपण तिघांना एकाच नावाने ओळखतो. पहिला फोकस लावायला लागणारा वेळ. दुसरा बटण पूर्ण दाबल्यापासून प्रत्यक्ष चित्र टिपले जाईपर्यंतचा वेळ. तिसरा शटर उघडे राहण्याचा वेळ. ट्यूबलाइटच्या उजेडात शटर १/१५ सेकंद उघडे राहिले, तर सेकंदाला एक मीटर वेगाने हलणारा हात तेवढ्यात साडेसहा सेंटिमीटर सरकतो. तो फोटो फोकस अचूक असूनही फिसकटतो. या तिसऱ्या गुन्ह्यात दोष उजेडाचा आणि भिंगाचा. त्याबद्दल ऑटोफोकसला फाशी देणे अन्यायाचे होईल. पण पहिले दोन मिळून पाऊण सेकंद खात असतील, तर सेकंदाला दोन मीटर धावणारे मूल तेवढ्यात दीड मीटर पुढे गेलेले असते. रिकाम्या झोपाळ्याचा उगम हा.

त्या काळच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांत फोकस लावण्याची रीत अशी: भिंग थोडे सरकवायचे, चित्रातल्या कडा अधिक ठळक झाल्या का ते पाहायचे, पुन्हा सरकवायचे, ठळकपणा उतरू लागला की मागे फिरायचे. आपण कुठे आहोत आणि कोणत्या दिशेला जायचे, हे या पद्धतीला आधी कळत नाही. ही आंधळी कोशिंबीर आहे, आणि उजेड कमी असला की ती अधिकच लांबते. याउलट भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना करणारी पद्धत एकाच मोजणीत दिशाही सांगते आणि अंतरही. मोठ्या एसएलआर कॅमेऱ्यांत ती १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून रुळली होती. छोट्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच ती आणली फुजीफिल्मने, २०१० साली.

गंमत अशी की फिल्मचे छोटे कॅमेरे या बाबतीत अधिक शहाणे होते. पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला ऑटोफोकस कॅमेरा कोनिका सी३५ एएफ, १९७७ चा. १९७९ साली आलेला कॅननचा एएफ३५एम अवरक्त किरण सोडून अंतर मोजत असे. एक मोजणी, एक उत्तर, अंधाऱ्या खोलीतही. खिडकीच्या काचेने तो फसे हे खरे, पण चाचपडत बसत नसे. डिजिटल युग आल्यावर बहुतेक उत्पादकांनी अंतर मोजणारी ही वेगळी सोय काढून टाकली. सेन्सर आहेच, कडा त्यानेच पाहाव्यात, एक भाग वाचला. रिकोसारख्या एखाद्या कंपनीने काही मॉडेलांत बाहेरचा सेन्सर ठेवला, एवढाच अपवाद. म्हणजे ज्या दशकात ‘प्रगती’चा सर्वाधिक गजर झाला, त्याच दशकात घरगुती कॅमेरा एका बाबतीत मागे गेला.

त्या बदल्यात आम्हांला काय मिळाले? मेगापिक्सेल. चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला ३०० बिंदूंनी छापायचा तर सुमारे २२ लाख बिंदू पुरतात. २०१० च्या सुमारास दुकानात मांडलेल्या साध्या कॅमेऱ्यांच्या खोक्यावर १२ किंवा १४ मेगापिक्सेल लिहिलेले असे. गरजेच्या पाच-सहा पट बिंदू. पण झोपाळ्यावरचे मूल टिपेल एवढा वेग नाही. मेगापिक्सेल खोक्यावर एका अंकात लिहिता येतात. दुकानात स्थिर उभ्या असलेल्या विक्रेत्याचा फोटो काढून पाहताना मंदपणा लक्षात येत नाही. तो घरी आल्यावर, मूल पळू लागल्यावर कळतो, आणि तोवर पावती फाटलेली असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप कलावाद्यांचा. छायाचित्रणाचा अभ्यास असलेले आमचे एक सहकारी म्हणतात, ‘दोष यंत्राचा नाही, नजरेचा. लार्तीगने १९०५ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, जिन्यावरून उडी मारणारी आपली नात्यातली बहीण हवेत टिपली. त्याच्याकडे कुठला ऑटोफोकस होता?’ उदाहरण खरे आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. लार्तीग श्रीमंत घरातला मुलगा होता. उपकरणे आणि मोकळा वेळ दोन्ही त्याच्यापाशी होते. फोटो घराबाहेरच्या जिन्यावर, दिवसाच्या उजेडात घेतला आहे, आणि उडी कुठून कुठे जाणार हे ठाऊक असल्यामुळे अंतर आधीच लावून ठेवता येत होते. एका हातात दुधाचे पातेले आणि दुसऱ्यात कॅमेरा असलेल्या बाईला मूल कोणत्या दाराने पळेल हे ठाऊक नसते. कार्तिए-ब्रेसाँच्या नावाने ‘निर्णायक क्षणा’चे प्रवचन देणाऱ्यांनी हेही सांगावे, की त्याच्या लायकाचे बटण दाबले की शटर तत्काळ उडत असे. ते उपकरण ज्यांना परवडत होते त्यांचा क्षण निर्णायक ठरला, बाकीच्यांचा निसटला. याला नजरेचा दोष म्हणणे हा सरळसरळ वर्गाचा अहंकार आहे.

दुसरा सल्ला तज्ज्ञांचा: बटण आधी अर्धे दाबून ठेवा. सल्ला चांगला आहे, मात्र मूल किंवा मांजर तुमच्यापासून तेवढ्याच अंतरावर राहणार असेल तर. तुमच्याकडेच धावत येणाऱ्या मुलाला तो लागू पडत नाही, आणि फोटो काढावासा वाटतो तो नेमका तेव्हाच.

यंत्राच्या बाजूने बोलते आहे म्हणून उत्पादकांची बाजू घेते आहे असे मात्र कोणी समजू नये. वेगाचा व्यापार सुरू झाला तेव्हा तिथेही तीच लबाडी आली. २०१६ च्या सोनी आरएक्स१०० मालिकेतल्या पाचव्या कॅमेऱ्याने ०.०५ सेकंदाचा दावा केला. कॅमेरा चपळ आहे यात शंका नाही. पण असे आकडे ठराविक उजेडात, भिंगाच्या ठराविक स्थितीत, कंपनीच्याच मोजणीने काढलेले असतात, हे बारीक अक्षरांत असते. सायंकाळच्या स्वयंपाकघरात टेबलाखालून निघालेले मांजर त्या तळटीपेत बसत नाही.

त्याहून राग येण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या त्या चंदेरी कॅमेऱ्याला वेगाची गरज बऱ्याचदा नव्हतीच. त्याच्यासारख्या नखाएवढ्या सेन्सरवर साडेचार मिलिमीटरचे, एफ/२.८ छिद्राचे भिंग असते. गणित साधे आहे: असे भिंग साधारण दीड मीटरवर लावून ठेवले, तर पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. म्हणजे झूम न करता काढलेल्या घरातल्या बहुतेक फोटोंना फोकस शोधण्याचे कारणच नव्हते. ‘मूल’ नावाचे एक बटण द्यायचे, ते दाबले की भिंग दीड मीटरवर स्थिर, आणि शटर तत्क्षणी. रिकोच्या जीआर कॅमेऱ्यांत ठरलेल्या अंतरावर झटक्यात फोटो घेण्याची सोय आहे. पण ती रस्त्यावर हिंडणाऱ्या रसिकांसाठी. आमच्या कॅमेऱ्यात ‘लहान मुले आणि पाळीव प्राणी’ असा प्रसंग यादीत होता. तो निवडला तरी भिंग चाचपडतच असे.

आज कोणी म्हणेल, हे सगळे इतिहासजमा झाले. जपानी कॅमेरा-संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली दहा कोटींहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली वीस लाखही नाहीत. फोनने त्यांची जागा घेतली. फोन सतत चित्रे साठवत असतो, त्यामुळे बटण दाबण्याच्या क्षणाचेच, किंवा त्याआधीचेही, चित्र मिळते. २०१९ पासून सोनीचे कॅमेरे प्राण्यांचे डोळे ओळखून त्यांवर फोकस धरतात. आता माझी तक्रार काय?

तक्रार अशी की ‘हलू नकोस’ ही आज्ञा गेली नाही. तिने फक्त जागा बदलली. २००७ सालीच सोनीने हास्य ओळखून आपणहून उडणारे शटर आणले होते. मूल हसेल तेव्हा फोटो. रुसेल, विचारात पडेल, जीभ दाताखाली धरून चित्र रंगवेल, तेव्हा नाही. २०२३ च्या गूगल पिक्सेल ८ ने तर एका फोटोतला चेहरा काढून तिथे दुसऱ्या क्षणीचा चेहरा बसवण्याची सोय दिली. पूर्वी यंत्राला वेळ नव्हता म्हणून मूल थांबवले जाई. आता यंत्राजवळ वेग आहे, आणि तो वापरून मुलाचा नको असलेला चेहरा बदलला जातो. वेग मला हवा होता तो मुलाला मोकळे सोडता यावे म्हणून. फोकस लावणे यंत्राने करावे. कोणता क्षण ठेवण्याजोगा, हे त्याने ठरवू नये. तो निर्णय समीक्षेचा आहे, आणि घरातल्या अल्बमची समीक्षक आईच असते, आजी असते, पुढे ते मूल स्वतः असते.

आणि म्हणूनच मुलीच्या त्या वाक्याशी माझे भांडण आहे. तिला हललेला फोटो ‘जिवंत’ वाटतो, कारण तिच्यापाशी नितळ फोटो हजारोंनी आहेत; एखादा धूसर निघाला तर ती चैन आहे. माझ्यापाशी तिच्या पाचव्या वर्षाचे दुसरे काहीच नाही. अभावाची शोभा त्यालाच दिसते ज्याला तो सोसावा लागला नाही, हे ग्रामीण साहित्य शिकवताना आपण दर वर्षी वर्गात सांगतो. छायाचित्राच्या बाबतीत ते आपल्याला आठवू नये, याचे आश्चर्य वाटते.

कॅमेरा मी तिला दिला आहे. देताना एकच अट घातली: माझे फोटो काढायचे, पण मला थांब म्हणायचे नाही. पहिल्या दिवशी तिने स्वयंपाकघरात अकरा फोटो काढले. नऊ फोटोंत माझी पाठ आहे, एकात नुसता ओटा. संध्याकाळी कॅमेरा परत आणून तिने विचारले, ‘आई, याचं फोकस लागायला एवढा वेळ का लागतो?’