चव घेऊन बघा, बॉस!

मराठीत एक गंमत आहे. 'तो चहा पितो', 'ती ताक पिते' असं आपण म्हणतो. पण नुसतं 'तो पितो' म्हटलं, की काय पितो हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना कळतं! लग्नाच्या चौकशीपासून ऑफिसच्या पार्टीपर्यंत प्रश्न एकच, 'पितोस का रे?' आणि उत्तरं दोनच, हो किंवा नाही. कशाची बनते, कशी लागते, कुठली आवडते, हे प्रश्न आपल्या सिलॅबसमध्येच नाहीत.

शुक्रवारची टीम पार्टी आठवून बघा. मेन्यूकार्ड हातात आलं की पहिली शोधाशोध 'स्ट्राँग' या शब्दाची. आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, म्हणजे कमी बिलात जास्त किक. बाटली कशी हवी? बर्फासारखी गार. म्हणजे चव लागायलाच नको! आणि तासाभराने त्या बिअरचा एकमेव रिव्ह्यू, 'चढली का?'

या वीकएण्डला मी जरा हटके प्लॅन केला. शनिवारी भर दुपारी, पुण्याच्या पूर्वेकडच्या आयटी पार्कांच्या गर्दीत असलेली एक मायक्रोब्रुअरी गाठली. नाव देत नाही, कारण हा काही हॉटेल रिव्ह्यू नाही. सोबत एक मैत्रीण होती. ती अजिबात घेत नाही. 'मग तू येऊन काय करणार?' असं विचारलं तर म्हणाली, 'बनते कशी ते बघायचंय. आणि तुला घरी कोण सोडणार?' पॉइंट होता!

पुणेकरांना हे प्रकरण तसं नवं नाही. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाली. देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी ही एक. नाव विलायती वाटतं ना? पण ते आहे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं! ब्रिटिश राजवटीत देवळालीच्या छावणीत गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून असायचे. काम नाही, वर ऊन, कंटाळा आणि आजारपणं. डोकं फिरलेल्या सोल्जरला 'डूलाली टॅप' झालाय असं म्हणायचे. यातला टॅप म्हणजे चक्क आपला ताप! पुढे इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे सटकलेला, असा शब्दच रूढ झाला. डूलालीनंतर पुण्यात इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी, ग्रेट स्टेट एलवर्क्स अशी नावं आली. मधापासून मीड बनवणारी मूनशाइनही आली. एकेकाळचं पेन्शनरांचं शहर आता ग्लास नाकाशी धरून वास घेतंय!

आमच्या ब्रुअरीत काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या होत्या. तिथला ब्रुअर तिशीतला, पायात गमबूट, हातात पाइप. बिअर बनवण्याच्या कामातला बराचसा वेळ टाक्या धुण्यात जातो, हे त्याने पहिल्याच मिनिटाला सांगून सगळं ग्लॅमर उतरवलं. मग मूठभर दाणे आमच्या हातावर ठेवले. 'खाऊन बघा.'

मैत्रिणीने चावले आणि लगेच म्हणाली, 'नाचणीच्या सत्त्वासारखं लागतंय.' ब्रुअर खूश! कारण फंडा तोच आहे. सत्त्वासाठी आजी नाचणी भिजवते, मोड आणते, वाळवते. बिअरसाठी सातू, म्हणजे बार्ली, भिजवून तिला मोड आणतात. मोड आले की दाण्यातले एन्झाइम जागे होतात. मग गरम हवेवर वाळवून ते मोड थांबवायचे. हा झाला मॉल्ट. कमी भाजला तर बिअर सोनेरी, जास्त भाजला तर काळीकुट्ट.

मॉल्ट भरडून साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात. एन्झाइम पिठूळ भागाची साखर करतात आणि गोड काढा तयार होतो. उरलेला चोथा बहुतेकदा गोठ्यात जातो, गाईम्हशींच्या पोटात. काढा उकळताना त्यात हॉप्स पडतात. ही एका वेलीची फुलं. कडवटपणा त्यांचा, बराचसा सुगंधही त्यांचा आणि बिअर टिकते त्यालाही त्यांचा हातभार. मग काढा पटकन गार करून यीस्ट सोडायचं. ते साखर खातं आणि अल्कोहोल आणि बुडबुडे देतं. इडलीचं पीठ रात्रीत का फुगतं, ते ठाऊक असेल तर अर्धी बिअर तुम्हाला समजली! एल प्रकारातली बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागर थंडीत सावकाश मुरते, तिला त्याहून जास्त वेळ लागतो. जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणजे साठवून ठेवणं, आपल्या भाषेत मुरत घालणं.

आता टेस्टिंग. चार छोटे ग्लास एका लाकडी पाटीवर आले. सगळे मिळून एका पाइंटच्या बाटलीपेक्षा थोडं जास्त. क्रम हलक्याकडून गडदकडे.

पहिली हेफेवायझेन. निम्मा किंवा त्याहून जास्त गहू असलेली, गढूळ सोनेरी. मी वास घेऊन विचारात पडले. मैत्रिणीने फक्त ग्लास नाकाशी नेला आणि सांगून टाकलं, 'शिकरण! कुणीतरी लवंग टाकलेली.' शंभर टक्के बरोबर. यात ना केळं असतं ना लवंग, दोन्ही वास यीस्ट तयार करतं. न पिणाऱ्या बाईचं नाक टेबलावर सगळ्यात तेज निघालं!

दुसरी बेल्जियन विट. हिच्यात मात्र खरोखरचे धणे आणि संत्र्याची साल. आपल्याच मसाल्याच्या डब्यातली असल्याने ओळखीची वाटते. पुण्याच्या उन्हाळ्यात ही बेस्ट.

तिसरी आयपीए, इंडिया पेल एल. अठराव्या शतकात लंडनहून भारतात येणाऱ्या जहाजांवर भरपूर हॉप्स घातलेली बिअर यायची. 'खास भारतासाठी हिचा शोध लागला' ही गोष्ट सगळे सांगतात. खरं तर अशा बिअर इंग्लंडात आधीपासून बनायच्या, इथल्या मागणीने त्यांना नाव मिळालं. चव कडू. पण कारल्याची भाजी कुरकुरीत आवडणाऱ्यांनी का घाबरावं?

चौथी स्टाउट. काळी, वर साईसारखा फेस. कॉफी घातलेली नसतानाही कॉफी लागते, कारण सातू चांगली खरपूस भाजलेली. भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याची आठवण करून देणारी.

चार ग्लासांना दीड तास लागला. शेजारच्या टेबलावर तेवढ्या वेळात तीन पिचर संपले होते. तिथला एक जण आमच्याकडे बघून मैत्रिणीला म्हणाला, 'अहो, एक घोट घ्या की, काही होत नाही!' ती हसून 'नको' म्हणाली. त्याने पुन्हा आग्रह केला. ती पुन्हा 'नको' म्हणाली, या वेळी न हसता.

थोड्या वेळाने ती ग्लासातला फेस बघत बोलली. 'बाबा रोज प्यायचे. आमच्या घरातले पैसे, सण, झोप सगळं त्यात गेलं. पण त्यांनी कधी चव घेतली असेल असं वाटत नाही गं. ते गिळायचे.'

यावर काय बोलणार? क्राफ्ट बिअर म्हणजे काही पुण्य नाही. पाच टक्के म्हणजे पाच टक्केच, मग ग्लास कितीही स्टायलिश असो. अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण तब्येतीला सेफ नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आणि १९ मे २०२४ ची पहाट पुणं विसरलेलं नाही. कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. ते दोघं तुमच्याआमच्यासारखेच शनिवारी रात्री मित्रांना भेटून घरी निघाले होते.

म्हणून मला चवीचा मुद्दा शौकापेक्षा मोठा वाटतो. चव घ्यायची तर थांबावं लागतं. थांबलं की मोजता येतं आणि मोजता आलं की 'बास' म्हणता येतं. समोरच्याच्या 'नको'लाही मग कारण विचारावंसं वाटत नाही. कुणाला कारलं आवडत नाही, कुणी बिअर घेत नाही. विषय संपला!

जाताय? मग हे वाचा

* महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, हार्ड ड्रिंक्ससाठी २५. परमिटही लागतं. आयकार्ड मागितलं तर चिडू नका.
* शक्यतो दुपारी जा. गर्दी कमी असते आणि ब्रुअरला प्रश्न विचारता येतात.
* आधी सॅम्पलर मागवा. हलकी आधी, गडद शेवटी, मध्ये पाणी.
* फेस नको म्हणू नका, सुगंध त्यातच असतो. आणि फार गार असेल तर दोन मिनिटं थांबा.
* काहीतरी खाऊन जा.
* गाडी घरी ठेवा. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रिक्षा केव्हाही स्वस्त!