खडक चढणारी गाडी निवडताना



परळी वैजनाथला दर्शनाला येणारा माणूस दगडी पायऱ्या चढून मंदिरात जातो. त्याची चाल तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? तो धावत नाही. एक पाय पक्का टेकला, त्यावर शरीराचा भार आला, की मगच तो दुसरा पाय उचलतो. नेमकी हीच चाल चालणाऱ्या लहान गाड्या आता बाजारात मिळतात. हातातल्या रेडिओ यंत्राने त्या चालवायच्या आणि दगडधोंड्यांवरून, घळीतून हळूहळू पुढे न्यायच्या. त्यांना ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. आमच्या गावाभोवतीच्या बालाघाटच्या टेकड्यांत अशा खेळासाठी जागा शोधावी लागत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण आणि त्याच्या झिजेतून झालेला मुरूम जिकडे तिकडे पसरलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात काही विद्यार्थ्यांनी मिळून अशी एक सहल काढायचे ठरवले आणि कोणती गाडी घ्यावी हे विचारायला ते माझ्याकडे आले. एकाने वडिलांकडे हट्ट धरला होता. कापसाचे पैसे आले की मोठी गाडी येणार होती. दुसरा काहीच बोलत नव्हता. त्याच्या घरी असा हट्ट धरण्याची सोय नव्हती. या गाड्या काही हजार रुपयांपासून अर्ध्या लाखाच्या पुढेपर्यंत मिळतात. तेव्हा हा प्रश्न नुसता खेळण्याचा नाही, घामाच्या पैशाचाही आहे. म्हणून माझे मत येथे कारणांसह मांडतो.

पहिली गोष्ट रेडिओची. विज्ञान प्रदर्शनात घडलेला एक प्रसंग सांगतो. दोन मुलांनी सारख्याच बनावटीच्या स्वस्त गाड्या आणल्या होत्या. एकाने कळ दाबली की दोन्ही गाड्या पळत! दोन्ही गाड्या २७ मेगाहर्ट्‌झच्या एकाच कंप्रतेवर ऐकत होत्या आणि हुकूम कोणाचा हे ओळखण्याची सोय त्यांच्यात नव्हती. एकट्याने खेळताना हा दोष कळत नाही. गटात मात्र सगळा खेळ त्याने बिघडतो. २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या चांगल्या यंत्रात प्रक्षेपक व ग्राहक यांची आधी ओळख करून दिलेली असते, त्यामुळे दहा गाड्या शेजारी शेजारी चालल्या तरी घोटाळा होत नाही. येथे तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असते, म्हणून अँटेनाही लहान पुरते. मात्र मध्ये मोठा खडक आला तर संदेश अडतो. गाडीमागे चालत राहावे, ती नजरेआड जाऊ देऊ नये.

त्याबरोबर आणखी एक पाहा. कळ थोडी दाबली तर गाडी थोडी चालते का? काही खेळण्यांत ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढे दोनच हुकूम असतात. अशी गाडी दगडाला धडकते, चढत नाही.

आता वेगाकडे वळू. दुकानात मुले पहिला प्रश्न विचारतात, “किती पळते?” खडकासाठी हा प्रश्न उलटा विचारायला हवा : ती किती हळू चालते? समजा, मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेते आणि दंतचक्रांनी तो वेग चाळीस पटींनी कमी केला. चाकाला मिनिटाला ३०० फेरे मिळाले, म्हणजे सेकंदाला ५. चाकाचा व्यास ११ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात गाडी सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर पुढे जाईल. गुणाकार करा : ताशी सहा किलोमीटरच्या आसपास उत्तर येईल. भरभर चालणाऱ्या माणसाचा हा वेग झाला. वेग चाळीस पटींनी घटला, तेव्हा चाक फिरवणारा टॉर्क, घर्षणात जाणारा वाटा सोडला, तर जवळजवळ चाळीस पटींनी वाढला. निसर्ग फुकट काही देत नाही. वेग द्यावा तेव्हा जोर मिळतो.

पण हा जोर चारही चाकांपर्यंत पोहोचतो का? पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेला ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. एक चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि दुसरे नुसते उभे राहते. मग चालक डिफरन्शियल लॉक दाबतो, दोन्ही चाके एकत्र फिरू लागतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. खडकावर तर एखादे चाक वारंवार हवेत लटकते. म्हणून चारही चाकांना गती देणारी आणि डिफरन्शियल बांधलेली गाडी घ्यावी. तिला वळायला जागा जास्त लागते, पण रस्त्यावर शर्यत लावायची नसल्याने ही उणीव चालून जाते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, गुरुत्वमध्याचा. कडब्याने उंच भरलेली गाडी उतारावर का कलंडते हे शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय कळते. गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा चाकांच्या बाहेर पडली की गाडी उलटते. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर २० सेंटिमीटर धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून १० सेंटिमीटरवर असेल तर गाडी ४५ अंशांपर्यंत तिरकी होऊ शकते. वर शोभेची टपावरची जाळी, दिवे आणि सुटे चाक लादून तो साडेबारा सेंटिमीटरवर नेला तर ३९ अंशांच्या आतच ती पडेल. उलट बॅटरी खाली सरकवून तो ८ सेंटिमीटरवर आणला तर ५१ अंश मिळतील. नुसत्या बॅटरीची जागा बदलून एवढा लाभ! मी स्वतः एकदा देखणी, उंच टपाची गाडी घेतली होती. पहिल्याच दगडावर ती उताणी पडली आणि मला माझाच धडा पुन्हा वाचावा लागला.

करून पाहा. एका फळीवर गाडी आडवी ठेवा, घसरू नये म्हणून खालच्या चाकांना पातळ पट्टी लावा आणि फळी हळूहळू उचला. वरची चाके सुटतील तो कोन कोनमापकाने मोजा. मग पट्टी काढून गाडी फळीवर उभी ठेवा, चाके फिरणार नाहीत अशी पक्की करा आणि ती घसरू लागेल तो कोन मोजा. त्या कोनाची टॅन्जन्ट म्हणजे घर्षणांक. या सूत्रात वजन येत नाही हे ध्यानात घ्या. “जड गाडी चांगली चढते” हे म्हणणे जसेच्या तसे खरे नाही. मऊ रबर पाषाणाच्या खाचांत बसते, म्हणून टायर कोणता आहे ते पाहा. सुट्या मुरमावर मात्र मुरूमच घसरतो, तेथे चांगला टायरही हात टेकतो.

बॅटरीचा हिशेब आधीच करून ठेवा. २,२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि सरासरी ३ अँपिअर प्रवाह धरला, तर ४४ मिनिटे होतात. ती पूर्ण रिकामी करायची नाही म्हणून पस्तीस मिनिटे धरा. दोन तासांच्या सहलीला अशा चार लागतील किंवा मध्ये थांबावे लागेल. लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी असते, पण फुगलेली, टोचलेली किंवा कोणी जवळ नसताना चार्ज होणारी अशी बॅटरी पेट घेऊ शकते. शाळेच्या गटाने सुरुवात निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीने करावी, असे मी सुचवीन.

आता आकाराचे बघू. एक-दशांश मापाची गाडी आणि एक-चोविसांश मापाची गाडी एका वाटेवर नेऊ नका. चाकाच्या त्रिज्येहून उंच दगड आला की गाडीची खरी परीक्षा सुरू होते. मोठीला जो खडा तो छोटीला डोंगर. गटात बहुतेकांकडे जे माप आहे तेच घ्या, जमल्यास बनावटही तीच. म्हणजे एकाचे तुटलेले दंतचक्र दुसऱ्याच्या डब्यातून मिळेल. सुटे भाग मिळत नसलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी अखेर महागच पडते.

इतके पाहून शेवटी मी त्या मुलांना काय सांगितले? पाच-सहा जणांत मिळून एकच मध्यम किमतीची गाडी घ्या. तुम्ही म्हणाल, “मग आम्हाला चालवायला कधी मिळणार?” १९७० साली चंद्रावर उतरलेली सोव्हिएत संघाची लुनोखोद-१ ही गाडी पृथ्वीवरून पाच जणांचा चमू चालवीत असे : प्रमुख, चालक, मार्गदर्शक, अभियंता आणि अँटेना सांभाळणारा. साडेदहा किलोमीटरचा तो प्रवास एकट्याचा नव्हता. तुमच्यातही एकाने चालवावे, एकाने पुढे जाऊन वाट दाखवावी, एकाने दुरुस्ती पाहावी, एकाने कोन, वेळ आणि बॅटरी यांची नोंद ठेवावी, आणि दर वीस मिनिटांनी कामे बदलावीत. असे केले तर ज्याच्या घरी हट्ट धरता येत नाही तो मुलगाही तितकाच सहलीचा धनी होतो. प्रत्येकाने आपापली गाडी आणली, तर ती सहल वडिलांच्या खिशांची शर्यत होते, आणि त्या शर्यतीत शिकण्याजोगे काही नसते.

शिक्षकांना एक विनंती. प्रयोगशाळेच्या यादीत अशी एक गाडी जरूर असू द्या. घर्षण, परिबल, दंतचक्रे, विद्युतऊर्जा आणि रेडिओ तरंग हे सारे तिच्यात एका जागी आहे. मात्र मंदिराच्या पायऱ्या आणि रहदारीचा रस्ता टाळा आणि जाताना दगड जागच्या जागी ठेवून या.

सहलीच्या दिवशी एखाद्या घळीपुढे गाडी अडेल आणि मागचे ओरडतील, “घाल पुढे!” तेव्हा एक आठवा. २७ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर आपल्या चांद्रयान-३ मधील सव्वीस किलोच्या, सहा चाकांच्या ‘प्रज्ञान’समोर तीन मीटरवर चार मीटर रुंदीचे विवर आले. शास्त्रज्ञांनी त्याला आल्या वाटेने परत फिरवले आणि मग तो दुसऱ्या वाटेने पुढे गेला. परत फिरण्यात कमीपणा नसतो. तुमच्या गाडीलाही मागे जाण्याची कळ आहे. ती वेळेवर दाबायला शिका.