मुद्देमाल कुठे होता, हे आधी विचारा

मा. प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश, ठाणे यांस


ठाण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावलेले दोन आरोपी सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. एक 19 मे 2023 रोजी, दुसरा 7 मे 2025 रोजी. दोन्ही खटल्यांत बळी चिमुरड्या मुलींचा होता. उच्च न्यायालयानेही फाशी कायम केली होती. कागदपत्रं तिन्ही ठिकाणी तीच. मग दिल्लीत जे दिसलं ते ठाण्यात का दिसलं नाही?

पहिल्या खटल्यात मदार डीएनएवर होती. नमुने प्रयोगशाळेत उशिरा गेले आणि तो उशीर का झाला, याचा खुलासा झालाच नाही. तपास अधिकारी बदलत राहिले. आरोपीचं निवेदन मराठीत लिहिलेलं, पण त्याला समजेल अशा भाषेत ते वाचून दाखवल्याची नोंद नाही. दुसऱ्या खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याची साखळीच पुरी होत नव्हती. अशी साखळी कशी तपासायची, याची पाच सूत्रं सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्येच घालून दिली आहेत, तीही महाराष्ट्रातल्याच, पुण्याच्या खटल्यात.

‘पुराव्याअभावी सुटका’ अशी बातमी आली की डोंबिवली लोकलमध्ये न्यायाधीशांचाच उद्धार होतो. ते चूक आहे. तपासातली भोकं न्यायाधीशाने पाडलेली नसतात. पण ती वेळेवर दाखवून देण्याचा अधिकार त्याला आहे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 165, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 168, न्यायाधीशाला कोणत्याही साक्षीदाराला, कधीही, कोणताही प्रश्न विचारू देतं. सरकारी वकील विसरले, बचावाचा नवखा वकील गप्प राहिला, तरी तपास अधिकारी पिंजऱ्यात उभा असतानाच ‘नमुना इतके दिवस कुणाच्या ताब्यात होता?’ एवढं विचारता येतं. अपिलात तो साक्षीदार समोर नसतो. तिथे फक्त कागद उरतो, आणि कागदावर नसलेल्या उत्तराचा फायदा आरोपीलाच द्यावा लागतो. तो द्यायलाच हवा. पण मुलीच्या आईवडिलांच्या हाती मग काय उरलं?

कुणी काय निकाल द्यावा, हे तुम्ही सांगू शकत नाही, सांगूही नये. मात्र न्यायिक अकादमी आपल्याच जिल्ह्यात, उत्तनला आहे. हे दोन्ही निकाल तिथे ठाणे-कल्याणच्या सत्र न्यायाधीशांसमोर एकदा पानोपानी वाचले जावेत, आणि मुद्देमालाच्या ताब्याचा तारीखवार तक्ता आरोपनिश्चितीच्या वेळीच मागवण्याची पद्धत पडावी, एवढीच विनंती.

आपला,
एक ठाणेकर