स्मॉल, मीडियम, लार्ज आणि शहीद

डिसेंबर संपत आला की ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. ‘फ्रेंड्स, रिपब्लिक डेसाठी टीम टी-शर्ट करतोय. साइझ कळवा.’ मग धडाधड रिप्लाय. मीडियम. लार्ज. ‘डबल एक्सेल, पण स्लिम फिट प्लीज.’ कुणीतरी डिझाइन टाकतं. पुढे कंपनीचा लोगो, मागे काहीतरी देशभक्तीपर. आणि नेहमीच्या घोषणांचा कंटाळा आला असेल तर हटके म्हणून एखाद्या शहीद जवानाचं नाव, युनिफॉर्ममधला फोटो, खाली ‘अमर रहे’. तीस थम्स-अप, चार हात जोडलेले इमोजी. डिझाइन फायनल!

रंग कुठला, कॉलर हवी की राउंड नेक, यावर दोन दिवस चर्चा चालते. ज्याचं नाव छापतोय त्याच्या घरी कुणी फोन केलाय का, हा प्रश्न ग्रुपवर येत नाही. हेतू वाईट असतो असं नाही. तो प्रश्न असतो, हेच आपल्या डोक्यात नसतं.

मुंबईतले असे बरेच टी-शर्ट कुठे छापले जातात, ठाऊक आहे? हार्बर लाइन पकडायची, गोवंडीला उतरायचं आणि शेअर रिक्षाने बैंगनवाडीच्या दिशेने निघायचं. चिंचोळ्या गल्ल्या, खाली दुकान आणि वर पोटमाळ्यावर कारखाना. कुठे जरीकाम, कुठे चामड्याच्या बॅगा, कुठे शिलाई मशीन्सचा खडखडाट. अशाच एका पोटमाळ्यावर मी तासभर बसले होते. एका बाजूला जुन्या स्क्रीन भिंतीला टेकवलेल्या, दुसऱ्या बाजूला हीट प्रेस. एक कारीगर टी-शर्ट पसरतो, फिल्म ठेवतो, प्रेस दाबतो, सोलून काढतो. की पुढचा. बोलायलाही मान वर करत नाही.

ऑर्डर घेणाऱ्या भाईचे प्रश्न ठरलेले. किती पीस? जीएसएम किती? एका बाजूला प्रिंट की दोन्ही? फाइल कोरल ड्रॉमध्ये आहे का? अॅडव्हान्स किती देणार? पण एक गोष्ट ऐकून मी उडालेच. तो परदेशी स्पोर्ट्स ब्रँडचे लोगो छापत नाही. क्रिकेट टीमचेही नाही. का, तर रेड पडते. कंपनीची माणसं पोलिसांना घेऊन येतात, माल उचलतात, वर केस. म्हणजे बुटाच्या कंपनीच्या एका रेघेला हा माणूस घाबरतो, आणि सीमेवर मेलेल्या पोराचं नाव बिनधास्त छापतो. त्याचा दोष नाही हो. त्या रेघेला वाली आहे. नावाला नाही.

खरंच नाही? मी जरा कायदा उकरून पाहिला.

आपल्याकडे १९५० चा एक कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा. त्याच्या यादीतली नावं धंद्यासाठी वापरायची तर केंद्र सरकारची परवानगी लागते. यादीत छत्रपती शिवाजी महाराज आहेत, महात्मा गांधी आहेत, नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान आहेत. एक गंमतशीर सवलतही आहे. कॅलेंडरवर यांची चित्रं चालतात, फक्त त्यावर जाहिरात नको! (कायदा काय म्हणतो आणि दादरच्या फुटपाथवर काय मिळतं, हा वेगळा कॉलम होईल.) या यादीत देशासाठी मेलेल्या साध्या सैनिकाचं नाव मात्र बसत नाही.

दुसरा कायदा १९९९ चा, ट्रेडमार्कचा. त्याच्या कलम १४ नुसार एखाद्याच्या मृत्यूला वीस वर्षं झालेली नसतील आणि त्याच्याशी संबंध असल्याचा भास होईल असा ट्रेडमार्क कुणी मागत असेल, तर रजिस्ट्रार वारसांची लेखी संमती आणायला सांगू शकतो. वा! पण हे ट्रेडमार्क नोंदवायला जाणाऱ्यांसाठी. बैंगनवाडीत दोनशे पीस छापणारा कशाला नोंदवायला जातोय?

मग सेलिब्रिटी काय करतात? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ऐश्वर्या राय बच्चन दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिचं नाव आणि फोटो वापरून विनापरवाना मग आणि टी-शर्ट विकले जात होते. कोर्टाने ते थांबवायचे आदेश दिले. छान झालं. पण ती हयात आहे, स्वतः कोर्टात जाऊ शकते. माणूस गेल्यावर काय? सुशांत सिंह राजपूतचे वडील मुलावरच्या सिनेमाविरुद्ध त्याच कोर्टात गेले होते. २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं, की प्रायव्हसीचा आणि आपल्या प्रतिमेचा हक्क त्या माणसाबरोबरच संपतो, तो वारशाने आईवडिलांकडे जात नाही.

थोडक्यात, जिवंत स्टारचा चेहरा टी-शर्टवरून उतरवता येतो. मेलेल्या जवानाच्या आईने तेच मागितलं तर तिच्या हातात फारसं काही नाही.

याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. २०२२ मध्ये भारतीय लष्कराने आपल्या नव्या कॉम्बॅट युनिफॉर्मचं डिझाइन रीतसर नोंदवून घेतलं. तो ठिपक्याठिपक्यांचा पॅटर्न विनापरवाना बनवला तर लष्कर कारवाई करू शकतं. योग्यच आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे. पण बघा ना, कापडाच्या डिझाइनला संरक्षण मिळालं. ते कापड घालून गेलेल्याचं नाव मोकळंच राहिलं.

गोवंडीहून घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडने निघालं, की थोड्याच वेळात ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे लागतो. (याच रोडवरच्या फ्लायओव्हरला कुणाचं नाव द्यायचं, यावरून २०२१ मध्ये केवढी तणातणी झाली होती! शेवटी छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव लागलं. नावांची किंमत या भागाला नवी नाही.) हायवेच्या कडेला घाटकोपरचं कामराज नगर. अग्निवीर मुरली नाईक याचे आईवडील इथे राहून कष्टाची कामं करत होते. मूळ गाव आंध्रातलं. मे २०२५ मध्ये, ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत, नियंत्रण रेषेवर पाकिस्तानच्या गोळीबारात मुरली गेला. तेवीस-चोवीसचं पोर. त्याचा युनिफॉर्ममधला फोटो दोन दिवसांत देशभर फिरला. तुमच्याही स्टेटसवर कदाचित असेल.

त्यानंतर काय झालं, ते कमी जणांना ठाऊक आहे. अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतो. तो ड्युटीवर गेला तर घरच्यांना विम्याची आणि सानुग्रह मदतीची मोठी रक्कम मिळते, पण नियमित सैनिकाच्या घरच्यांना मिळणारी फॅमिली पेन्शन मिळत नाही. मुरलीच्या आईने २०२५ मध्येच मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, की मरण सारखंच आहे तर लाभही सारखे द्या. फोटो फुकट फिरतो, नावाने घोषणा होतात, आणि त्या नावावर ज्या बाईचा सगळ्यांत आधी हक्क, तिला तो हक्क मागायला वकील लागतो. आता त्या नावाचा टी-शर्ट अमुक रुपयांना लिस्ट झालाय अशी कल्पना करा. कारीगराला पैसे, डिझायनरला पैसे, वेबसाइटला कमिशन, कुरियरला पैसे. त्या साखळीत तिचं नाव कुठे येतं?

त्याच ऑपरेशनच्या नावाचं काय झालं, तेही आठवा. ७ मे २०२५ च्या पहाटे हल्ले झाले आणि त्याच दिवशी ‘ऑपरेशन सिंदूर’ हा ट्रेडमार्क मागणारे अर्ज पडले. एक अर्ज आपल्याच मुंबईच्या रिलायन्सच्या जिओ स्टुडिओजचा होता, आणखीही तिघांचे होते. बोंबाबोंब झाल्यावर दुसऱ्या दिवशी जिओने अर्ज मागे घेतला. एका ज्युनियरने अधिकार नसताना अनवधानाने केला, असं स्पष्टीकरण आलं. ज्युनियर म्हणून काम करणाऱ्या सगळ्यांनी हे वाक्य नीट वाचून ठेवा, कधीतरी आपल्याही नावावर येईल. पहलगाममध्ये बायकांच्या डोळ्यांदेखत नवरे मारले गेले, म्हणून ते नाव होतं. दिवस मावळायच्या आत त्याला अर्ज क्रमांक पडला.

आता दुसरी बाजू. कारण ‘मग कायदाच करा ना राव’ म्हणणं जाम सोपं आहे.

अमेरिकेने करून पाहिलंय. इराक युद्धाच्या काळात अॅरिझोनातला एक ऑनलाइन विक्रेता टी-शर्ट विकायचा. पुढे मोठ्या अक्षरांत ‘बुश खोटं बोलले’, मागे ‘ते मेले’, आणि बारीक अक्षरांत युद्धात गेलेल्या हजाराहून जास्त सैनिकांची नावं. घरचे भडकले. आमचा मुलगा युद्धाच्या विरोधात नव्हता, त्याचं नाव तुमच्या घोषणेत का? २००६-०७ मध्ये लुइझियाना, ओक्लाहोमा, टेक्सास, फ्लोरिडा, अॅरिझोना या राज्यांनी कायदे केले: कुटुंबाच्या परवानगीशिवाय सैनिकाचं नाव विक्रीच्या मालावर नको. अॅरिझोनाचा विक्रेता फेडरल कोर्टात गेला आणि जिंकला. कोर्ट म्हणालं, पैसे घेतले तरी हे राजकीय मत आहे आणि मत मांडायला परवानगी लागत नाही.

मला दोघंही कळतात. त्या आईवडिलांच्या जागी मी असते तर तो टी-शर्ट फाडला असता. पण प्रत्येक वेळी परवानगीची सक्ती केली, तर युद्धात किती माणसं गेली हे नावानिशी विचारणाराही गप्प बसेल. ते मला नकोय. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, २०१९ मध्ये ते खुलं झालं तेव्हा, पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरलेली होती. तिथे प्रत्येक घराची परवानगी हवी होती, असं कुणी म्हणणार नाही. तिथे प्राइस टॅग नाही आणि ती नावं कुणाच्या लोगोखालीही नाहीत.

म्हणून तुरुंगाचा कायदा नको. पण ज्याला मत मांडायचं नाही, फक्त माल खपवायचाय किंवा टीम बाँडिंग करायचंय, त्याला एक फोन जड जाऊ नये.

कॅप्टन विक्रम बात्रांचंच घ्या. ‘ये दिल मांगे मोअर’ हे मुळात कोल्ड्रिंकच्या जाहिरातीतलं वाक्य. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरावरून बात्रांनी ते विजयाचा सिग्नल म्हणून उच्चारलं आणि ते त्यांचंच होऊन गेलं. ७ जुलैला ते गेले. २०१४ च्या निवडणुकीत नरेंद्र मोदींनी पालमपूरच्या सभेत तेच वाक्य वापरलं, तेव्हा बात्रांच्या आईवडिलांनी जाहीर हरकत घेतली. (आई तेव्हा आम आदमी पक्षाच्या उमेदवार होत्या, हेही सांगायला हवं.) २०२१ मध्ये ‘शेरशाह’ आला, तो कुटुंबाच्या साथीने. म्हणजे एकाच घराने एका वापराला नको म्हटलं आणि दुसऱ्याला हो. घरच्यांना विचारलं की ते कायम नाहीच म्हणतात, ही आपणच करून घेतलेली समजूत आहे. कशासाठी, कुणासाठी, पैसे कुणाला, हे त्यांना आपल्यापेक्षा नीट कळतं.

विचारायचं कुठे? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. माजी सैनिक, वीरपत्नी, वीरमाता यांची कामं तिथूनच चालतात. कुणाचा नंबर परस्पर मागू नका, तुमचं पत्र तिथे द्या आणि पोचवायची विनंती करा. पत्रात डिझाइन जोडा, किती पीस ते लिहा, विकणार की वाटणार ते लिहा. आणि ‘नफ्यातला काही भाग शहिदांच्या कुटुंबीयांना’ हे गुळगुळीत वाक्य टाकू नका. किती भाग? कुठल्या कुटुंबीयांना? नुसती मदतच करायची असेल तर सशस्त्र सेना ध्वजदिन निधी आहे, १९४९ पासून. ७ डिसेंबरचा तो छोटा झेंडा शाळेत आपण सगळ्यांनीच लावलाय. त्याला टी-शर्ट लागत नाही.

तर या डिसेंबरात ग्रुपवर डिझाइन पडलं की थम्स-अपच्या आधी एवढंच टाइप करा: ‘घरी विचारलंय का?’ एचआरवाली जरा वैतागेल. डेडलाइनही आठवडाभर पुढे जाईल. गोवंडीचा भाई थांबतो, त्याला फक्त अॅडव्हान्स लागतो. आणि घरून ‘नको’ आलं, तर पाठ कोरी ठेवा. एका बाजूची प्रिंट स्वस्तही पडते.