रक्तातील आकडा आणि रुग्णाची साक्ष

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर घाला घालते. १८६८ साली फ्रेंच वैद्य शार्को यांनी तिचे स्वरूप विशद केले. रक्तावरून तिचा माग घेण्याचे साधन मात्र अलीकडेच लाभले. तंतूंची हानी झाली म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट नामक प्रथिन अल्पांशाने रक्तात उतरते. पूर्वी ते मोजण्यासाठी पाठीच्या मणक्यांतून द्रव काढावा लागे. आता रक्ताचा नमुना पुरतो. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे.

तथापि हे प्रथिन वयोमानानुसारही वाढते आणि मेंदूच्या इतर विकारांतही आढळते. शिवाय रुग्णाला खचविणारा थकवा वा औदासीन्य त्यात खात्रीने उमटत नाही. आकडा उतरला म्हणजे रुग्ण सुखी झाला, हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा होय. भारतात २०१६ च्या कायद्याने या व्याधीस दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले खरे. परंतु न दिसणारा थकवा कचेरीत आळसच ठरतो. उद्या रक्ताचा निर्दोष अहवाल हाच रुग्णाविरुद्धचा पुरावा होऊ नये. तंतूंची साक्ष प्रयोगशाळेने द्यावी. व्यथेची साक्ष मात्र रुग्णाकडूनच घेतली पाहिजे.