वाढवलेला जोर आणि तेच जुने ब्रेक

तापीच्या मुखाशी वसलेले हजीरा आपल्या वाचकांस ठाऊक आहे ते खत, नैसर्गिक वायू आणि पोलाद यांच्यामुळे. कलकत्त्यास जाणारा जुना ६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथूनच सुरू होत असे. आजचा ५३ क्रमांकाचा महामार्गही येथूनच निघतो आणि धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर करीत ओडिशातील पारादीपला जाऊन मिळतो. पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेस गेलेल्या असंख्य मराठी कुटुंबांचा हा येण्याजाण्याचा मार्ग होय. याच हजीऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत २०२२ साली पोलादभट्टीतील मळीपासून, म्हणजे स्लॅगपासून, सहापदरी रस्ता बांधण्यात आला व अवजड मालमोटारी पेलण्याच्या त्याच्या क्षमतेचे देशभर कौतुक झाले. रस्ते चांगले होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु चांगला रस्ता आणि मध्यरात्रीची सामसूम एकत्र आली, की तेथे मालमोटारींखेरीज आणखीही कोणी येऊ लागते. मुंबईचा सागरी सेतू असो, पणजीनजीकचे पूल असोत वा सुरतचा डुमस मार्ग असो, फाडलेल्या सायलेन्सरचा तो आवाज ओळखण्यास आता कोणास सांगावे लागत नाही.

हा आवाज ज्या गाड्यांचा असतो, त्यांपैकी बऱ्याच गाड्यांत टर्बोचार्जर नावाचे यंत्र असते. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूच्या रेट्याने एक लहानसे चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक. इंधन अधिक, म्हणून जोर अधिक. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. विमानाच्या इंजिनाचा दम विरळ हवेत कोंडतो, त्यावर उपाय म्हणून १९१८ साली अमेरिकेत चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स शिखरावर तिचा प्रयोग झाला. रस्त्यावर हौस भागविण्यासाठी हे यंत्र जन्मास आलेले नाही.

आपल्याकडे ते घरोघर पोहोचले, त्याचे श्रेय एका करसवलतीस दिले पाहिजे. चार मीटरांहून कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांस २००६ च्या अर्थसंकल्पापासून कमी कर लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, तेव्हाही मोजमाप हेच राहिले. इंजिन लहान ठेवावयाचे आणि जोर मात्र मोठा हवा, म्हणून कारखानदार टर्बोकडे वळले. ज्या मध्यमवर्गाने एके काळी पद्मिनीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावला, त्याच्या मुलाच्या हाती आज शंभराहून अधिक अश्वशक्तीची लहान गाडी आहे.

मुलगा तेवढ्यावर थांबत नाही. टर्बोच्या दाबाचे नियंत्रण आता संगणकाकडे असते. त्या संगणकाचा नकाशा बदलून, म्हणजे ‘रीमॅप’ करून, पंधरा-वीस टक्के जोर दुपारच्या चहापर्यंत वाढवून मिळतो. काही जण धुराड्यातील शुद्धीकरणाचे पात्रही काढून टाकतात. ज्याचे हात खरोखर यंत्राचे आहेत, त्या कारागिरास याची किंमत ठाऊक असते. ते लहानसे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल वेळेवर बदलले नाही, अगर लांबची भरधाव दौड करून येऊन तत्क्षणी इंजिन बंद केले, तर तेथील तेल जळून त्याची काजळी होते. हवेची गाळणी खाऱ्या धुळीने तुंबते. दाबलेली हवा तापते. ती थंड करणारा इंटरकूलर अपुरा पडला, किंवा पेट्रोल हलक्या प्रतीचे असले, की इंजिन ठोके देऊ लागते आणि एक दिवस पिस्टनच फुटतो. असा कारागीर म्हणूनच आधी ब्रेक, टायर आणि क्लच पाहतो व मग जोराची गोष्ट काढतो. दुर्दैवाने गिऱ्हाईक पैसे मोजते ते जोरासाठी. ब्रेक लागल्यावर ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी थांबण्यास जितके अंतर लागते, त्याच्या चौपट अंतर एकशे वीसच्या वेगास लागते. हे गणित शाळेतले आहे आणि कोणताही नकाशा बदलून ते बदलत नाही.

मग कायदा काय करतो? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ नमुन्याशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते. केरळ उच्च न्यायालयाने या कलमाचा काहीसा सैल अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी तो रद्द ठरविला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद झाली. कागदावर याहून कडक काय असावे? परंतु प्रदूषणाची चाचणी होते ती गाडी उभी असताना. भरधाव वेगात तो बदललेला नकाशा काय करतो, हे त्या चाचणीस दिसत नाही. दिसतो आणि पकडला जातो तो सायलेन्सर. पोलीस रोडरोलरखाली सायलेन्सर चिरडतात, छायाचित्रे छापून येतात आणि नकाशे बदलण्याचा धंदा गॅरेजांत बिनबोभाट चालू राहतो. सरसकट बंदीने काम थांबलेले नाही, ते अंधारात गेले आहे. आणि अंधारात गेलेल्या कामावर चांगल्या कारागिराचीही सही नसते.

येथे पुन्हा हजीऱ्याकडे वळावेसे वाटते. भारतीय लष्कराची के-९ वज्र ही स्वयंचलित तोफ याच हजीऱ्याच्या कारखान्यात तयार होते. पहिल्या शंभर तोफांपैकी शेवटची २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराच्या स्वाधीन झाली. सुमारे ४७ टनांच्या या तोफेस एक हजार अश्वशक्तीचे टर्बो डिझेल इंजिन ओढते. म्हणजे दर टनास एकवीस अश्वशक्ती. आमच्या कॉलेजकुमाराच्या टनभर वजनाच्या गाडीस दर टनामागे शंभर असते! या तोफा मुळात वाळवंटासाठी घेतलेल्या. लडाखची थंडी आणि विरळ हवा यांत त्या न्यावयाच्या ठरल्या, तेव्हा लष्कराने आधी थोड्या तोफा वर नेऊन चाचण्या घेतल्या, मग बदल ठरविले. यंत्रात फेरफार करणे हा अपराध नव्हे. फेरफार कोणी केला, कोणी तपासला आणि त्याची नोंद कोठे आहे, हा खरा प्रश्न आहे. जर्मनीत बदललेल्या भागाची तज्ज्ञाकडून तपासणी होते आणि गाडीच्या कागदपत्रांत तशी नोंद पडते. आपल्याकडेही गॅसचे किट बसविताना प्रमाणित संच आणि नोंद यांचा आग्रह असतोच. तोच न्याय येथे लावता येणार नाही काय?

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. जुलै २०२३ मध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर आधीच्या अपघाताभोवती जमलेल्या लोकांत भरधाव जॅग्वार घुसली व नऊ जण प्राणास मुकले. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालक अज्ञान होता आणि अवघे १७५८ रुपये शुल्क भरावयाचे राहिल्याने गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. यांपैकी कोठेही गॅरेजातील फेरफाराचा प्रश्न नव्हता. जोर कारखान्यातूनच आलेला होता. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मरण पावली आणि त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावावर जमा आहेत. तेव्हा फेरफाराचे नियमन केले, म्हणजे सारे साधले, असे आम्ही म्हणत नाही. मात्र ज्याने जोर वाढविला त्याची सही कागदावर असेल, तर अपघातानंतर जबाबदारी कोणाची, हे धुक्यात राहणार नाही.

आणखी एक गोष्ट करण्याजोगी आहे. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एके काळी शर्यती होत व हौशी मंडळी तेथे आपला कंड शमवीत. आज इरुंगाट्टुकोट्टई व कोईम्बतूर येथे कायमचे मार्ग आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हौशी माणसाने तिकीट काढून, शिरस्त्राण घालून, रुग्णवाहिका उभी असताना गाडी पळवावी, अशी सोय कोठे आहे? बंदरांलगतच्या औद्योगिक वसाहतींत रुंद, सपाट रस्ते बांधणाऱ्या कंपन्यांस आणि राज्य शासनांस एखादा मैलभराचा बंदिस्त पट्टा महिन्यातून दोन रविवार उघडा ठेवणे अवघड नाही. तोवर रात्रपाळी संपवून सायकलवर घरी निघालेल्या कामगारास रस्त्याची कड धरूनच चालावे लागेल. आणि मागून येणाऱ्या गाडीचे ब्रेक कारखान्यातले आहेत की तिचा जोर तेवढा वाढविलेला आहे, हे त्यास कळण्याचा कोणताही मार्ग नाही.